जब्बारभाईंची अकराची बादली

आमच्या महागावात एक गृहस्थ आहेत, ते कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवतात. फाटक उघडायचं असेल तर पंजाची मागची बाजू आधी कडीला टेकवतात, क्षणभर थांबतात आणि मगच कडी धरतात. बसचा दांडा, बँकेचं शटर, मशिदीबाहेरचा नळ, सगळ्यांची हीच परीक्षा होते. एकदा भाजीच्या दुकानात मी त्यांना कोहळ्याला उलटा हात लावताना पाहिलं.

"जब्बारभाई, कोहळ्यात कुठून आला करंट?" मी विचारलं.

"नसते बाई, मले मालूम हाय," ते म्हणाले. "पन एक बार सोडलं का आदत खराब होते."

इरा आणि निखिल, तुम्ही दोघं हसाल, पण या सवयीला कारण आहे. करंट लागला की हाताची मूठ आपोआप आवळली जाते. तळव्याने धरलेली वस्तू मग सुटत नाही. उलट्या हाताने शिवलं तर तोच झटका हात मागे खेचून घेतो. जब्बारभाई वीज कंपनीत लाइनमन होते. सगळी नोकरी खांबावर काढून ते दहाही बोटांसह निवृत्त झाले, आणि या गोष्टीचा त्यांना पेन्शनपेक्षा जास्त अभिमान आहे. कोणी "कसं काय चाललंय?" म्हटलं की ते दोन्ही पंजे उघडून दाखवतात. "पुरे हाय."

उंच, सडपातळ बांधा, पांढरी दाढी, आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. ईदच्या नव्या कुर्त्यालाही टेस्टर असतोच. मला ते 'बाई' म्हणतात, कारण त्यांच्या दोन्ही मुलांना आणि मुलीला मी शाळेत इंग्रजी शिकवलं.

त्यांचा सगळा जीव अर्थिंगवर. घराच्या विजेची एक तार जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेली असते. कुठे गळती झाली तर करंटाने माणसातून न जाता त्या वाटेने मातीत जावं, यासाठी. कुणी नवं घर बांधलं की लोक फरशी बघतात, स्वयंपाकघर बघतात. जब्बारभाई घराला वळसा घालून मागे जातात आणि तिथून ओरडतात, "जमिनीले इचारलं का?" म्हणजे खड्डा खणून मीठ-कोळसा घातला का, सळई नीट बसवली का. यजमान गोंधळून वास्तुशांतीचा मुहूर्त सांगू लागतो.

त्यांची मुलगी शबाना फुलसावंगीला दिली. स्थळ बघून परत आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे?

"मुलगा ठीकच हाय," जब्बारभाई म्हणाले. "पन अर्थिंग! काय अर्थिंग हाय बाई! अर्थिंगच्या तारेले बल्ब जोडून पाह्यला, असा लख्ख पेटला."

मुलाचं नाव त्यांच्या लक्षात नव्हतं.

एकदा मीही माझं पुस्तकी ज्ञान दाखवायला गेले. म्हटलं, तार तुटून जमिनीवर पडली की सबस्टेशनमधला स्विच आपोआप पडतो, मग धोका कसला? जब्बारभाईंनी कपाळावर हात मारला. तोही उलटा.

"आयकून घ्या. तार ओल्या वावरात पडली त जमीन घटाघटा करंट पेते. सबस्टेशनातली रिले बोंबलते, 'अरे, एवढा माल चालला कुठं?' आन् स्विच पाडते. तेच मे महिन्यात सुक्या मुरमावर पडली त? जमीन चाटून चाटून पेते. रिलेले वाटते, असन कोनाचा तरी पंखा चालू. मंग तार तशीच पडून राह्यते. दिसते मेल्यावानी, हाय जिती. आन् सबस्टेशनले पत्ता नाही."

अशाच एका तारेपायी त्यांनी वरात अडवली होती. कळंबकडून आलेली मंडळी, घोड्यावर नवरदेव, पुढे बँड, आणि रस्त्याच्या कडेला मुरमावर पडलेली एक काळी तार. "तार मेली आहे, बकरी शेजारून गेली," असं सगळे सांगत होते. जब्बारभाई रस्त्यात आडवे उभे. "बकरी गेली, घोडा जानार नाही." त्यांनी सबस्टेशनला फोन लावला, आणि लाइन बंद केल्याचं नाव-गावासकट कळेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. वरात तासभर तिथेच नाचली. शेवटी कंटाळून नवरदेवही उतरून नाचला.

"उशिरा पोचला," जब्बारभाई आजही सांगतात, "पन पोचला."

आता बादलीकडे येते. आमच्या घरामागे, खोलीच्या खिडकीखाली अर्थिंगचा खड्डा आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईला सोडून देते, म्हणून खड्ड्यात पाणी घालावं लागतं. तुमचे आजोबा गेले त्या वर्षापासून जब्बारभाई रोज अकराला स्वतःची पत्र्याची बादली घेऊन येतात. फाटकाला उलटा हात, आमच्याच नळावर बादली भरणं, आणि मग हाक. "बाई, पानी!"

मी आतून "घाला!" म्हणायचं. माझ्याकडून लगेच उत्तर आलं नाही तर दुसरी हाक. तिसऱ्या हाकेला ते थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे. मग अर्धा कप चहा.

हे जुलैतही चालतं. धो धो पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली. मी एकदा म्हटलंही, आभाळ घालतंय ना पाणी! तर म्हणाले, "पावसाचं पानी वरच्यावर वाहून जाते बाई. त्यात मन नसते."

मला वाटायचं, म्हातारपणी प्रत्येकाचा एकेक स्क्रू ढिला होतो. माझा हिशोबीपणा तुमचा बाबा सहन करतोच की.

गेल्या मे महिन्यात मात्र एक प्रकार घडला. तो मी बाबाला अजून सांगितलेला नाही. आता कळेलच.

जब्बारभाईंनी आमच्या मीटरशेजारी एक स्विच बसवून दिला होता. घरात कुठे करंट गळला की तो आपणहून पडतो. ते त्याला 'चौकीदार' म्हणत. तो चौकीदार रोज दुपारी पडायला लागला. त्या मागच्या खिडकीबाहेरचा कूलर भरला, खस भिजली, पाणी स्टँडवरून जमिनीवर ठिबकायला लागलं की खट्! अंधार नाही, पण पंखा नाही, कूलर नाही, आणि बाहेर यवतमाळचं ऊन. जब्बारभाई चार दिवस शबानाकडे गेले होते. त्याच वेळी नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. म्हणाला, "डायरेक्ट करून देऊ का मावशी? झंझटच नाही."

आयुष्यभर मुलांना 'नियम वाचा' सांगणारी मी. "दे करून," म्हटलं.

तीन दिवस कूलर छान चालला. रोज दुपारी मी प्लास्टिकच्या नळीने त्यात पाणी भरत होते, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होते. चौथ्या दिवशी सकाळपासूनच उकडत होतं, म्हणून कूलर लवकर लावला. अकराला परतलेल्या जब्बारभाईंची हाक आली, "बाई, पानी!" मी "घाला!" म्हणाले.

खिडकीखाली वाकताना आधार म्हणून जब्बारभाईंनी कूलरच्या पत्र्याला हात लावला. सवयीने, उलटा.

मला आधी बादलीचा आवाज आला. ती उडून खाटेवर वाळत घातलेल्या माझ्या कुरडयांवर पडली होती. मग जब्बारभाई घरात शिरले, चपला न काढता. इतक्या वर्षांत प्रथमच. त्यांनी मेन बंद केला आणि बोर्डाकडे पाहिलं.

"चौकीदार कुठं हाय?"

"आहे तिथेच. पण... सारखा पडत होता, म्हणून डायरेक्ट केला."

"चोर आला म्हनून कुत्रं भुकून राह्यलं होतं, आन् तुमी कुत्र्याचं तोंड बांधलं?"

मी चहा टाकू का विचारलं. "नको." जब्बारभाई चहाला नको म्हणाले!

त्यांनी कूलर उघडला. आतल्या पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती. जमिनीकडे जाणारी तिसरी तार कूलर विकणाऱ्याने जोडलीच नव्हती. म्हणजे सगळा पत्रा तीन दिवस जिवंत होता आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून पाणी भरत होते.

"पायात काय होतं तुमच्या?"

"रबरी चप्पल."

"तिले हार घाला."

मी हसले. ते हसले नाहीत. ओसरीच्या पायरीवर बसले. 

"चार दिवस मी नव्हतो," ते खाली बघत म्हणाले. "तुमी इथं पडले असते त कोनाले मालूम पडलं असतं? दूधवाला पिशवी अडकवून जाते. पेपरवाला दुरून फेकते. पोरगा इतवारी फोन करते." ते बोटांवर मोजायला लागले. "सोमवार. मंगळ. बुधवार. जुमेरात..." पुढचं बोट त्यांनी उघडलं नाही. "मुरमावरची तार हाय बाई. पडली त सबस्टेशनले पत्ता नाही."

एवढं बोलून ते उठले, चौकीदार पुन्हा जोडला, पंपाची वायर बदलली, तिसरी तार जोडली, आणि कुरडयांबद्दल माफी मागून गेले.

काही दिवसांनी मीटर तपासायला एक इंजिनिअर मुलगी आली. तिच्याजवळ जमिनीची परीक्षा घेणारं यंत्र होतं. मी आमचा खड्डा तपासून घेतला. ती म्हणाली, "मावशी, फार उत्तम आहे. रोज पाणी कशाला घालता? उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी घातलं तरी चालेल."

तुम्हाला माहीत आहे, मला गोष्टी लिहून काढल्याशिवाय कळत नाहीत. जब्बारभाई सकाळी कुठे कुठे जातात ते मी वहीत लिहिलं. नऊला बसस्टँडमागचे निवृत्त गुरुजी. साडेनऊला तांड्यावरच्या सोनाबाई. दहाला पोस्टाजवळच्या नर्सबाई. अकराला मी. आमच्या समोर अकरा माणसांचं एक कुटुंब आहे. त्यांची अर्थिंग गावात सगळ्यात वाईट, असं जब्बारभाईच सांगतात. तिथे ते महिन्यातून एकदा जातात.

यादी पुन्हा वाचली. चारही घरांत एकेकच माणूस. आणि चारही ठिकाणी पाणी ओतण्याआधी हाक. उत्तर येईपर्यंत बादली कलत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी म्हटलं, "जब्बारभाई, खड्ड्याला रोज पाण्याची गरज नाही म्हणे."

"कोन म्हनते?"

"यंत्र म्हणतं."

गृहपाठ न केलेल्या मुलासारखे ते कपात बघत राहिले. "यंत्राले काय समजते," ते पुटपुटले. "खड्डा थंडा राह्यते."

"आणि तुमच्या खड्ड्याला कोण घालतं?"

"मी हावो ना."

"हाक कोण मारतं?"

त्यांची बायको, आमची भाभी, जाऊन सहा वर्षं झाली. मुलं हैदराबादला आहेत. जब्बारभाईंनी खिशातला टेस्टर काढला, पाहिला आणि परत ठेवला. 

तुमचा बाबा दर रविवारी विचारतो, आई, तिथे एकटी कशी राहतेस? त्याला हे सगळं वाचून दाखवा. आणि हेही सांगा की मी आता रोज संध्याकाळी पाचला अर्धी बादली घेऊन दोन गल्ल्या चालत जाते. गुडघ्यांनाही बरं.

पहिल्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहून मी वर्गात हजेरी घ्यायच्या आवाजात हाक मारली, "जब्बारभाई, पाणी!"

आत सामसूम. दुसरी हाक मारली. मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला, चपला शोधल्याचा झाला, आणि आतून घोगरं उत्तर आलं, "घाला बाई, घाला!"

ते धावतच बाहेर आले. "तुमी कायले उचलता एवढं?" असं म्हणत त्यांनी माझ्या हातातून बादली घेतली. लोखंडी कडी होती. त्यांनी ती सरळ तळव्याने धरली.