तहानलेली वीस रोपं

कुंड्यांच्या बाबतीत मी एकदम शिस्तीची! कृषी संशोधन केंद्राच्या काचघरात एकोणीस वर्षं काढलीत. पाणी कुणाला, किती, केव्हा, सगळं चोख. म्हणून इथल्या संशोधक मॅडमनी प्रयोग माझ्यावर सोपवला तेव्हा छातीठोकपणे सांगितलं, अगदी निर्धास्त राहा.

मक्याच्या चाळीस कुंड्या होत्या. वीस कुंड्यांच्या मातीत मॅडमनी जिवाणू सोडलेले. ते मुळांशी राहतात आणि दुष्काळात रोपाला तग धरायला मदत करतात. उरलेल्या विसांत नुसती माती. बारा दिवस कुणालाच पाणी नाही. नुसत्या मातीतली माना टाकणार, जिवाणूवाली उभी राहणार आणि मॅडमची तीन वर्षांची मेहनत फळाला येणार.

सहाव्या दिवशी बिनजिवाणूवाल्यांनी पानांच्या सुरळ्या केल्या. मी समोर स्टुलावर डबा खात बसलेली. घरी मी एकटीच, म्हणून सुट्टीच्या दिवशीसुद्धा जेवायला इथेच येते. आता वीस जीव तहानेने व्याकूळ आणि आपण घटाघटा पाणी प्यायचं? देवाला काय तोंड दाखवू? कोपऱ्यातल्या एकाला घोटभर दिलं. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं! दिलं सगळ्यांना. रोज.

बाराव्या दिवशी चाळीसच्या चाळीस रोपं शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी ताठ!

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. त्यांना वाटलं, खुरपी-ट्रेला चिकटून जिवाणू या कुंडीतून त्या कुंडीत गेले. मी गुपचूप खुरपी उकळली, ट्रे उकळले, घाबरून स्वतःच्या चपलाही उकळल्या. मग मॅडमनी त्या वीस कुंड्यांतली नुसती माती तपासली, तर तिच्यात जिवाणू नाहीतच. तेव्हा मॅडमच्या डोळ्यांत भलतीच चमक आली. या मातीत आजवर कुणालाच न सापडलेलं काहीतरी आहे, म्हणाल्या, आणि थेट संचालकांना फोन.

दुसऱ्या दिवशी संचालक फोटोवाल्याला घेऊन हजर. कोपऱ्यातल्या रोपापुढे ते असे वाकले, की आता पाया पडतात की काय! हे छापून आलं असतं तर पुढे जन्मभर मॅडमचं हसं झालं असतं.

"मॅडम," मी म्हटलं, "मातीत नवीन काही नाही. ते नवीन म्हणजे मीच. रोज घोटभर."

फोटोवाल्याने कॅमेरा पिशवीत घातला. संचालक निघून गेले. मॅडम कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"का हो मावशी?"

"ती रोपं माझी वाट बघायची, मॅडम. दुसरं कोण बघतं?"

मॅडमचं मन मोठं, नोकरी शाबूत राहिली. प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. फक्त नुसत्या मातीतली रोपं पलीकडच्या खोलीत गेली, कुलपात. माझ्याकडे राहिली जिवाणूवाली. आज बारावा दिवस. पाण्याचा थेंब नाही, तरी हिरवीगार. जेवताना एकेकाला विचारते, बाळा, काही हवंय का? एकाचंही पान हलत नाही.

मॅडम खूश आहेत. माझ्यावाचून कुणाचंही काही अडत नाही, हे आता शास्त्रानेच सिद्ध केलंय!