यमाजी अस्वलाचा न वाजणारा गुडघा

बसा पोरांनो, नीट मांडी घालून बसा. मांडी घालता येतेय तोवर घालून घ्या, पुढचं कुणी पाहिलंय?

एका जंगलात, म्हणजे आपल्या इथून बरंच लांब, सगळा कारभार अगदी सुरळीत चालला होता. सिंहमहाराज झोपत होते आणि बाकीचे नमस्कार करत होते.

नमस्कार साधासुधा नव्हता हं. रोज सकाळी गुहेपुढच्या खडकावर ओळीनं उभं राहायचं आणि एकवीस वेळा गुडघे टेकायचे. टेकायचे, उठायचं, परत टेकायचे. ह्याला गुडघेनमन म्हणत. सशापासून गव्यापर्यंत कुणाची सुटका नव्हती. सापाला गुडघेच नव्हते, तर त्याच्याकडून तसं लेखी घेतलं होतं.

ह्या गुडघेनमनाचे मानकरी होते यमाजी अस्वल. पहिला गुडघा त्यांचा, मग जंगलाचा. वडिलांपासून चालत आलेला मान. बारा वर्षांत त्यांनी एक दिवस खाडा केला नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. यमाजींच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी. गादी गेली की हाडावर हाड घासतं. यमाजी टेकले की 'कट्ट' असा आवाज यायचा आणि तो ओढ्यापलीकडे ऐकू जायचा. त्यांच्यामागून बाकीच्या जंगलाचे गुडघे वाजायचे. सकाळी सकाळी पंगतीत पापड मोडल्यासारखं वाटायचं.

पण यमाजींचं दुःख आवाजाचं नव्हतं. बेहड्याच्या झाडावर, अगदी शेंड्याला, आग्या मोहोळ लागलं होतं. आणि दोन वर्षं झाली, यमाजींना झाडावर चढता आलं नव्हतं.

मध मिळायचा की. पोरं पानावर आणून द्यायची.

"अहो, घ्या ना चाटून," चंद्राबाई म्हणायच्या. ह्या त्यांच्या अस्वलीणबाई.

"चाटतो गं. पण पानावरचा मध म्हणजे लग्नाला न जाता घरी डबा मागवल्यासारखं आहे. मला स्वतः चढायचंय. नाकाला चार माश्या चावल्या पाहिजेत." आणि एवढं मोठं अस्वल, पोरांनो, हुंदके देऊन रडायचं.

उपाय भरपूर झाले. गुडघा दुखायला लागला की सगळं गाव वैद्य होतं, जंगलाचंही तेच. कुणी निर्गुडीचा पाला बांधला, कुणी लसणीचं तेल चोळलं. माकडानं उलट्या दिशेनं चालायला सांगितलं, तेही झालं. गुडघे टेकणं कमी करा, असं मात्र कुणी सुचवलं नाही. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी चंद्राबाईंनी नवऱ्याला ऐनाच्या झाडाशी नेलं. तिथं ढोलीत डॉक्टर पालबाईंचा दवाखाना होता. बाईंचं स्वतःचं शेपूट तीनदा तुटून तीनदा आलं होतं, त्यामुळे बोलण्यात आत्मविश्वास भारी.

"परत उगवू कूर्चा," बाई म्हणाल्या. "तुमच्या पोटाच्या चरबीत मूळपेशी असतात. म्हणजे काय, तर अजून काहीच न ठरवलेल्या पेशी. हाड व्हायचं, कूर्चा व्हायचं की चरबीच राहायचं, त्यांचं नक्की नसतं."

"आमच्या धाकट्यासारखं," चंद्राबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. मोकळ्या सोडल्या की उंडारतात. त्यांना बसायला जागा लागते, परांची लागते. ह्या झाडावर टसरचे किडे कोष विणतात ना, त्या रेशमाची बारीक जाळी करायची आणि गुडघ्यात बसवायची. तिच्यावर मूळपेशी सोडायच्या. खणाखणात नीट बसल्या की त्या शहाण्यासारख्या कूर्चा व्हायला लागतात. कूर्चा भरली की जाळी आपली आपण विरघळून जाते."

"परांची आपण होऊन जाते?" यमाजींना काही हे पटेना. ओढ्यावर पूल बांधायला म्हणून आजोबांच्या काळी परांची उभारली होती. ती अजून होती, पूल नव्हता.

"जाते. आणि चरबी थोडीच लागेल."

"कमी पडायची नाही ना?" यमाजींनी काळजीनं विचारलं. बाईंनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि पुढचं बोलायला घेतलं. "एकच पथ्य. पाण्यात पाय हलवा, हळूहळू चाला. पण शंभर दिवस गुडघा टेकायचा नाही."

यमाजींचा चेहरा पडला. मानकऱ्यानं गुडघा टेकायचा नाही म्हणजे काय? ते लंगडत दिवाणजींकडे गेले. दिवाणजी म्हणजे कोल्हा. त्यांचेही गुडघे कामातून गेले होते, पण पदामुळे ते कण्हत नसत.

दिवाणजींनी क्षणभर डोळे मिटले. "महाराज उद्याच हवापालटाला वरच्या पठारावर निघालेत. शंभर दिवस. यमाजीराव, तुम्ही एकटेच का, सगळं जंगल दुरुस्त करून घेऊ. महाराज परत येतील तेव्हा ताज्या गुडघ्यांनी स्वागत करू."

मग काय विचारता. ऐनाखाली ही रांग लागली. गवा, सांबर, रानडुक्कर, भेकर, सगळे पोट पुढे काढून उभे. टसरच्या किड्यांनी दोन वेळच्या पाल्याऐवजी चार वेळचा मागितला आणि मिळवला. सशाच्या अंगात चरबी सापडेना म्हणून त्याला आठ दिवस खाऊ घातलं. आठ दिवसांनी तो दवाखान्यातून जायलाच तयार होईना.

शंभर दिवस सगळं जंगल ओढ्यात बसून पाय हलवत होतं. आजार येतो हत्तीच्या पावलानं आणि जातो मुंगीच्या पावलानं, असं म्हणतात. मुंगीच्या पावलानं का होईना, जात होता. एकानंही गुडघा टेकला नाही. आणि गंमत म्हणजे सूर्य रोज वेळेवर उगवला. ही गोष्ट कुणी मनावर घेतली नाही, ते वेगळं.

शंभराव्या दिवशी बाईंनी यमाजींच्या गुडघ्याला कान लावला. "वाकवा." त्यांनी वाकवला. "सरळ करा." केला. आतून काहीही ऐकू आलं नाही.

"डॉक्टरीणबाई," यमाजी म्हणाले. त्यांनी बाईंना उचलून पोटाशी धरलं. गडबडीत बाईंचं शेपूट तुटलं. "असू द्या," बाई म्हणाल्या, "येईल."

"उद्या पहाटेच चढतो," यमाजी बायकोला म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी महाराज परत आले ना. पहाटेच दिवाणजींचा सांगावा आला, आधी गुडघेनमन. सगळे खडकावर जमले. यमाजी टेकले. लोण्यावर टेकल्यासारखं वाटलं. त्यांच्यामागून सगळं जंगल टेकलं आणि उठलं, एकवीस वेळा. काय ते देखणं नमन झालं. डॉक्टर पालबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुहेतून आवाज आला, "दिवाणजी, आज कुणी आलं नाही का?"

दिवाणजींना घाम फुटला. महाराज नमनाच्या वेळी कधी डोळेच उघडत नसत. ते नुसते ऐकायचे. 'कट्ट' झालं की नमन पोचलं.

"झालं की, महाराज. सगळे आलेत."

"मग वाजलं का नाही?" महाराज गुरगुरले. "ज्याचा गुडघा वाजत नाही, त्याची निष्ठा मी कशी ओळखू? वाजेपर्यंत नमन चालू राहू द्या. आणि उद्यापासून एकशे एक वेळा."

पालबाई पुढे सरसावल्या. "अहो, शंभर दिवसांची मेहनत आहे ही."

"तुम्ही काळजी करू नका बाई," गवा समजुतीनं म्हणाला. "आम्ही नेटानं टेकतो. दोन महिन्यांत घालवतो सगळी कूर्चा. आणि मग परत तुमच्याकडेच येऊ, दुसरीकडे जाणार नाही." त्याला खरंच वाटलं की त्यानं बाईंना धीर दिला.

"यमाजीराव," दिवाणजी हळूच म्हणाले, "मानकरी तुम्ही. पहिला कट्ट तुमचा हवा."

यमाजींनी गुडघा वाकवला. अर्धा वाकवला आणि थांबले. वडील आठवले, वडिलांचा मान आठवला. हा गुडघा आज टेकला तर उद्या एकशे एक वेळा टेकावा लागणार, हेही दिसलं. त्यांना मनापासून भीती वाटली. त्यांनी चंद्राबाईंकडे पाहिलं.

"मोहोळ भरलंय हो," चंद्राबाई म्हणाल्या. बस, एवढंच.

यमाजी वळले आणि चालू लागले. मग पळू लागले. बेहड्याला मिठी मारून ते असे सरसर चढले की फांदीवरची माकडं बाजूला सरली. शेंड्याला पोचल्यावर नाकाला चार नाही, अकरा माश्या चावल्या. नाक भोपळ्याएवढं झालं. यमाजी कोपरापर्यंत हात मोहोळात घालून मध खात होते, हसत होते आणि मधूनच रडत होते.

"यमाजीराव, खाली या," बुंध्याशी दिवाणजी ओरडले. "मान जाईल तुमचा."

"वर ऐकू येत नाही हो काही," यमाजी तोंडभर मधानं म्हणाले.

मान गव्याला मिळाला. दोन महिन्यांत जंगलाचे गुडघे पुन्हा वाजू लागले आणि महाराजांना गाढ झोप लागली. ऐनाखाली परत रांग लागली. रांगेतले आईबाप पोरांना सांगायचे, त्या बेहड्याकडे वर बघायचं नाही, तिथं एक वाया गेलेलं अस्वल राहतं.

तात्पर्य: विज्ञानाच्या कृपेनं गुडघा आता परत उगवतो, म्हणून बाळांनो, तो मोठ्यांपुढे निर्धास्त झिजवत जावा. मध कसा मिळतो, हे परीक्षेला येत नाही.