साहेबांची नळी-परीक्षा

योजना आखावी तर मीच! आमच्या टाइल्सच्या गोदामाला नवा सुपरवायझर हवा होता आणि ती खुर्ची माझीच, हे मी आरशासमोर तीनदा जाहीरही केलं होतं. अडचण एकच होती. आमचे साहेब प्रत्येक उमेदवाराला हॉटेलात नेऊन मटण खाऊ घालत आणि तो नळी कशी फोडतो ते बघत. "ज्याला नळी फोडता येत नाही, तो कसला पुरुष? तो माणसं काय सांभाळणार?" हे त्यांचं शास्त्र. आणि मी दोन वर्षांपासून व्हीगन! मटण सोडाच, चहात दूधसुद्धा नाही. गोदामात मात्र मी याचा पत्ता कुणाला लागू दिला नव्हता.

बायको पक्की मटणवाली. आमच्याच गोदामात ती फोर्कलिफ्ट चालवते. साहेबांनी जोडीनं बोलावलं, तेव्हाच माझ्या डोक्यात योजना शिजली. मटण मी मागवायचं, उकडलेल्या भाज्या तिनं. साहेबांचा फोन दर पाच मिनिटांनी वाजतो आणि ते बोलायला बाहेर जातात. ते गेले की ताटं बदलायची, आले की पुन्हा जागच्या जागी!

"आणि वेटरनं बघितलं तर?" बायकोनं विचारलं.

"त्याला काय करायचंय?"

इथंच माझं घोडं पेंड खाणार होतं!

फोन वाजला, साहेब बाहेर गेले, आम्ही ताटं बदलली. बायकोनं दोन तुकडे संपवले, एवढ्यात वेटर धावत आला. "माफ करा हं, माझीच चूक!" म्हणत त्यानं मटण माझ्यापुढे सरकवलं आणि भाज्या तिच्यापुढे. तो वळताच आम्ही पुन्हा बदलली. तो पुन्हा आला!

"अहो, बाईंपुढे मटण आणि ह्यांच्यापुढे पाला? लोक आम्हाला हसतील!"

तिसऱ्या बदलीला साहेबच आत आले. बायकोच्या हातात मटण, माझ्या तोंडात गाजर.

"बाई सारखं ह्यांचं ताट ओढतायत," वेटरनं चहाडी केली. "हे बिचारे उपाशी!"

"बायकोपुढे एवढी पड खातोस?" साहेबांना माझी दया आली. त्यांनी आणखी एक ताट मागवलं आणि त्यातली सर्वांत मोठी नळी उचलून माझ्या हातात दिली. "हं, फोड!"

मी नळी तोंडाजवळ नेली. समोर खुर्ची दिसत होती. पण हात काही पुढे जाईना.

"द्या इकडे!" बायको म्हणाली. "साहेब, ह्यांनी सोडलंय सगळं. नको वाटतं त्यांना. खुर्चीसाठी कशाला खायला लावता?"

आणि तिनं नळी ताटावर दोनदा आपटली, एका दमात चोखली आणि रिकामी करून ठेवली. साहेब बघतच राहिले. वेटरही.

साहेब शास्त्राला मात्र पक्के निघाले! सोमवारी गोदामाच्या फलकावर ऑर्डर लागली. सुपरवायझर म्हणून माझ्या बायकोचं नाव होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आठवड्याभरात तिनं सगळं गोदाम सुतासारखं सरळ केलं, त्यात मीही आलोच.

आता बाईंना स्वयंपाकाला वेळ नसतो, म्हणून डब्यातलं मटण मीच शिजवतो. मीठ बरोबर पडलंय की नाही, हे काही मला चाखून बघता येत नाही. दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं की कळतं!