काठ पाहणारे बळीरामजी

पुतण्यासाठी मुलगी पाहून बळीरामजी घरी आले, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"मले काय माहीत? लुगड्याचा काठ पक्का होता. घर चांगलं हाये."

लग्न झालं. संसार आजही टिकून आहे, हे मुद्दाम सांगतो.

बळीरामजी हे नंदनवन वस्तीतले माझे घरमालक. तीस वर्षं हातमागावर लुगडी विणली, आणि माग विकावा लागल्यावर एका गोदामावर चौकीदार झाले. पण बोटं विणकराचीच राहिली. भाकर असो की लग्नपत्रिका, हातात आली की आधी कडेवरून अंगठा फिरायचा. "मधात कोनीबी नक्षी काढते गा. काठ पाह्य, काठ!"

मी राजापूरकडचा. सातवीत शाळा सोडून इतक्या लांब, लाकडं कापायच्या आरामशीनवर लागलो. नोकरी जाईल, खोली जाईल, कसली ना कसली धास्ती मला कायम असे. आगाऊ भाडं न मागता खोली दिली ती फक्त बळीरामजींनी. माझ्या सदऱ्याची कॉलर तेवढी चाचपली होती.

त्या वर्षी रविवारच्या बाजारात एक सफारीवाला लाल मखमलीवर नाणी मांडून बसू लागला. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचं नाव. "राजाच्या खजिन्यातली आहेत, भाऊ. गिनती की बची हैं. सालभरात दुप्पट भाव. हे सर्टिफिकेट." त्यावर तीन शिक्के होते. सातवी शिकलेल्या माणसाला तीन शिक्के पुष्कळ होतात.

चार वर्षं मी गावी गेलो नव्हतो. तिकिटाचे आणि आईच्या लुगड्याचे पैसे खिशात होते. दुप्पट झाले तर बहिणीलाही काही नेता येईल, म्हणून ते बाहेर काढले, तोच मागून कुणीतरी मनगट धरलं. बळीरामजी!

"थांब गा. भाऊ, दोन दाखवा."

दोन नाण्यांच्या कडांवरून दोन अंगठे फिरले. मग तिसरं नाणं. चौथं.

"सगळ्याईले एकाच जागी खोच काहून हाये?"

"जुनी आहेत, काकाजी. झिजली."

"तीस वर्सं विणलं म्या. दोन लुगड्यांत एकाच जागी धागा तुटलेला नाई पाह्यला. हे शंभर हातांतून फिरले, अन् सगळे एकाच जागी झिजले? एकाच साच्यात ओतले तुम्ही हे, परवा-तेरवा!"

"लेना है तो लो, नहीं तो आगे बढो!"

बळीरामजी पुढे गेले नाहीत. तिथंच मांडी घालून बसले.

पुढचे सात रविवार ते गोदामावरची पाळी संपवून थेट त्या मखमलीशेजारी येत. काटोलहून संत्री विकून आलेला कुणी वाकला की सुरू, "दोन नाणी माग गा. काठ पाह्य." सफारीवाल्यानं दम दिला, मग चहा पाजला. बळीरामजींनी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवून चहा घेतला आणि पुन्हा तेच. त्यानं छत्री मोडली, तर पुढच्या रविवारी डोक्यावर टॉवेल टाकून हजर. मीही शेजारी बसू लागलो. आठव्या रविवारी मखमल आलीच नाही.

गावी निघताना पाया पडायला मी आत गेलो. तिथं बळीरामजींच्या वारलेल्या बायकोचे, म्हणजे काकींचे, देव होते. मधोमध कुंकवानं लाल झालेलं एक नाणं. कडेला, त्याच जागी, तीच खोच.

मी वळून पाहिलं.

"माग विकला तवा घेतलं," बळीरामजी म्हणाले. "नक्षीच पाहत राह्यलो. घरी येऊन अंगठा फिरवला, पण तवरोक तुह्या काकीनं हळद-कुंकू वाह्यलं होतं. लय खूश होती गा. सहा वर्सं पुजलं तिनं."

"त्यांना कळलं नाही?"

"कळू देल्लं नाई."

त्यांनी नाण्याला कुंकू लावलं. एक बोट, बरोबर मधोमध. अंगठा कडेकडे गेला नाही.

मग माझ्या हातातली, आईच्या लुगड्याची घडी ओढून घेतली आणि काठावरून सावकाश अंगठा फिरवला.

"पक्का हाये. ने."