अण्णांच्या तीन प्रती

अण्णांनी एकदा एसटीच्या तिकिटाची झेरॉक्स काढून घेतली. तीन प्रती. मी विचारलं, "अण्णा, तिकिटाचं काय करणार?" म्हणाले, "उद्या कुणी म्हणलं, तू जुन्नरला गेलाच न्हाईस, तर? पुरावा पायजे, राव!"

राजुरीच्या स्टँडवर मी झेरॉक्सचं दुकान टाकलं तेव्हा गावात मोबाइल यायचे होते. माझं मशीन अण्णांनीच जगवलं. लग्नपत्रिका, खताची पावती, म्हशीच्या विम्याचा कागद, दिसेल त्याच्या तीन प्रती. एक सरकारला, एक घरी आणि एक सरकारनं हरवली तर. सरकार ती हरवणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

सरकारी अनुदान हा त्यांचा प्रांत. गोबरगॅस, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या, कुणाचाही अर्ज असो, अण्णा भरून देत. बदल्यात चहाही घेत नसत, फक्त व्याख्यान देत. साहेब "उद्या या" म्हणाला की हे समोरच्या बाकावर डबा उघडून बसत. "तुमी या की उद्या. आमी हितंच हाय." बहुतेक साहेब दुसऱ्या भाकरीला सही करून टाकत.

आळीतल्या सगळ्यांच्या शेतांत ठिबक झालं. राहिलं ते अण्णांचं स्वतःचं एकरभर डाळिंब. त्यांच्या बायकोनं, पार्वताकाकूंनी, घागरीनं पाणी घालून जगवलेली झाडं. काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. अण्णा अजून पाटानंच पाणी देत. विचारलं की म्हणत, "फुडच्या यादीत बघू."

त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. पाटाचं पाणी चौथ्या ओळीपर्यंत पोचेना, पानं गळायला लागली. ठिबकच्या अर्जांची मुदत महिन्यावर आली होती. मी चिडूनच म्हणालो, "गावाचे अर्ज भरता, स्वतःचा कधी भरणार? द्या तो सातबारा इकडं."

बराच वेळ टाळाटाळ करून त्यांनी पिशवीतून कागद काढला. मालकाच्या जागी नाव काकूंचं. म्हशीच्या दुधाच्या पैशांवर जमीन काकूंनीच घेतलेली.

"अण्णा, वारसनोंद नाही केली?" मी चाटच पडलो. निम्म्या गावाच्या वारसनोंदी यांनीच करून दिलेल्या.

"त्याला मृत्यूचा दाखला लागतो. म्या आणलाच न्हाई."

"चार वर्षांत?"

"दाखला दिला की तलाठी सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस करतो. म्हंजी नाव गेलं." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "समद्या गोष्टींचा पुरावा मागतो मी. ह्याचा नगं व्हता, राव."

आपण उगाच तोंड घातलं असं वाटत राहिलं. चार दिवस अण्णा स्टँडकडं फिरकले नाहीत आणि माझा जीव टांगणीला लागला.

पाचव्या दिवशी मी शटर वर करतोय तर अण्णा दारात. हातात दाखला.

"किती प्रती?" मी सवयीनं विचारलं.

"एकच. लागंल तेवढी." मग खिशातून काकूंच्या नावाचा सातबारा काढून माझ्यापुढं धरला. "आन् ह्याच्या धा काढ."

नोंद झाली, अर्ज मुदतीत गेला. मंजुरी येईपर्यंत अण्णांनी घागरीनं झाडं तगवली, काकूंसारखीच. नळ्या अंथरल्या त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो. कॉक फिरवला आणि पार शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक बुंध्याशी पाणी ठिबकायला लागलं. मी हुश्श केलं. अण्णा वाकून वाकून एकेक झाड तपासत निघाले. मला वाटलं, आता याचीही कुठंतरी नोंद करून ठेवतील.

शेवटच्या झाडाशी ते थांबले. खोडावर हात ठेवला आणि मी मागं उभा आहे हे विसरून म्हणाले, "पाणी आलं गं."