मस्कतमधली लाल फुली

भिंगारमध्ये स्वतःच्या हाताने वेबसाइट करणारी पहिली बाई मी. हे कुठे नोंदवलेलं नाही, म्हणून इथे सांगून टाकते. साल १९९९. आमच्या गल्लीत इंटरनेट हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता, पण बघितला कोणीच नव्हता. माझ्याकडे मात्र बी.एस्सी. फिजिक्सची पदवी होती, सहा महिन्यांच्या कम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट होतं, आणि कडेवर पाच महिन्यांची, अजून नाव न ठेवलेली मुलगी होती. वेबसाइट त्या मुलीसाठी.

आमचे हे, म्हणजे महेंद्र, मला सातवा महिना लागला तेव्हाच मस्कतला नोकरीवर गेले. जाताना एक अट घालून गेले, की बाळाचं तोंड बघितल्याशिवाय मी नाव ठेवणार नाही, आणि नाव मीच ठेवणार. इथपर्यंत ठीक. पण तोंड बघायचं कसं? मी फोटो काढला, झोकात लिफाफा केला, पोस्टात टाकला. चौथ्या दिवशी आमचे पोस्टमन काकासाहेब दारात उभे. "ताई, मस्कतचं पत्र आलंय का बघा," म्हणत त्यांनी माझाच लिफाफा माझ्या हातात दिला. बाळाला ताप होता, त्या गडबडीत मी पाठवणाऱ्याच्या जागी महेंद्रचा आणि घेणाऱ्याच्या जागी आमचाच पत्ता लिहिला होता. दुसरा लिफाफा बरोबर पत्त्यावर गेला, पण तोवर महेंद्रचा कॅम्प हलला होता. तो लिफाफा बहुतेक अजून वाळवंटात फिरतोय.

इकडे लसीच्या डोसाच्या कार्डावर 'प्रज्ञाचं बाळ' एवढंच. त्याच दवाखान्यात दुसऱ्या एका प्रज्ञाचंही बाळ येत होतं. दर डोसाला मी कार्ड चारदा तपासायचे. एका बाळाला दोनदा आणि एकाला शून्य वेळा टोचलं तर?

शेवटी सासूबाईंचे भाऊ, तिसगावचे रंभाजीमामा, यांनी निकाल लावला. विहारात नामकरणाचा रविवार ठरवला, नावाची जागा कोरी सोडून कार्डं छापली आणि निरोप धाडला: त्याआधीच्या शुक्रवारपर्यंत बापाचं नाव आलं तर आलं, नाही तर आमच्या आईचं नाव. मामांच्या आईचं नाव दगडाबाई.

मी पुन्हा एकदा सांगते. दगडाबाई.

हातात तीन शुक्रवार होते. शुक्रवारी महेंद्रला सुट्टी, आणि आपल्या घड्याळाने दुपारी दोन ते तीन ऑफिसातला इंटरनेटचा कम्प्युटर त्यांचे साहेब त्यांना वापरू देत. म्हटलं, पोस्टाचा नाद सोडायचा आणि फोटो इंटरनेटवरच ठेवायचा. बाजारात अजीजभाईंचा कम्प्युटर क्लास होता. बाहेर चपला काढायच्या, आत मशीनवर फुलाफुलांच्या चादरी, आणि त्यातल्या एक नंबरच्या मशीनला इंटरनेट जोडणारा मोडेम. कोणालाही फुकटात जागा देणारी एक परदेशी कंपनी मी शोधून काढली, नगरच्या स्टुडिओतून फोटो फ्लॉपीवर आणला (एक फ्लॉपी खराब होईल म्हणून दुसरी, आणि दोन्ही खराब होतील म्हणून तिसरी), आणि दोन दिवसांत पान तयार! वर 'आमचं बाळ', मध्ये फोटो, खाली किती वेळा पान उघडलं ते मोजणारा आकडा. अजीजभाई चष्मा पुसून म्हणाले, "ताई, अमेरिकेतून येऊन बसलीय असं वाटतंय पोरगी."

पहिल्या शुक्रवारी महेंद्रचा फोन आला. मी पत्ता सांगायला लागले. फोनची लाइन अशी, की समुद्राच्या तळाशी कोणी चणे भाजतंय. पत्त्यात माझ्या नावाआधी एक वाकडी खूण होती. तिला काय म्हणतात ते कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, तिरकी रेघ, मग नागमोडी रेघ, मग माझं नाव.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. असं पान जगात नाही म्हणतोय कम्प्युटर.

काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हटलं, तर यांनी इंग्रजीत पूर्ण स्पेलिंगसकट लिहिलं होतं, नागमोडी! आणि वर मलाच विचारलं, की मोडीला दीर्घ लावू का. मग कीबोर्डवर एक आकड्याच्या डावीकडे, सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, शिफ्ट दाबून, असं करत ती खूण सापडेपर्यंत तीन वाजले. साहेब आले. पहिला शुक्रवार गेला.

दुसऱ्या शुक्रवारी मी फोनशेजारीच बसून होते. सव्वादोनला फोन आला. पान उघडलं होतं. 'आमचं बाळ' दिसत होतं.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"बाळाच्या जागी चौकोन आहे," महेंद्र म्हणाले. "चौकोनात लाल फुली."

मी मोठ्याने म्हणाले, "लाल फुली?" आणि इथेच माझं चुकलं. कारण शेजारी बाळाला तेल लावत सासूबाई बसल्या होत्या. त्यांचं नाव सुमनबाई, मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांचा हात थांबला. फुलीचा त्यांना माहीत असलेला अर्थ एकच. जे नको असतं त्याच्यावर माणूस फुली मारतो.

त्या उठल्या. बाळाला पदरात गुंडाळून आत निघून गेल्या. मी त्या वेळी लक्ष दिलं नाही. माझं डोकं दुसरीकडे धावत होतं.

कारण मी तशीच अजीजभाईंकडे गेले, एक नंबरवर बसले, तोच पत्ता टाकला, आणि बाळ समोर हसत! दात नसलेलं, कपाळाला तीट लावलेलं, पूर्ण बाळ. एकच पत्ता. भिंगारमध्ये बाळ आणि मस्कतमध्ये फुली. हे कसं? फिजिक्सवाल्या बाईला झोप लागेल का? मी वहीत कारणं लिहून काढली. समुद्रातली तार खराब. तिकडच्या उन्हाने मशीन तापतं. अजीजभाई म्हणाले, मोठ्या ऑफिसांत मशीनला जाळी लावलेली असते, नको ते ती बाहेरच अडवते. हे मला फार लागलं. माझं बाळ म्हणजे नको ते?

शिवाय तो खालचा आकडा. पहिल्या शुक्रवारी सहा होता. दुसऱ्याला एक्केचाळीस. बुधवारी एकशे अठरा! बाप एकदाही बघू शकत नाही आणि एकशे अठरा वेळा माझं बाळ बघतंय कोण? एवढ्या अनोळखी नजरा! मी बी.एस्सी. आहे, दृष्टबिष्ट मानत नाही. पण त्या दिवशी तीट जरा मोठी लावली.

घरी येऊन आत्यांना म्हटलं, काळजी करू नका, ते फुलीचं टेक्निकल आहे. मशीनचा दोष आहे.

आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला नगं शिकवू. मशीन चांगलं हाय. मी रोज बघती की."

"रोज? कुठे?"

"अजीजकडं. छबूबाईला नेलं, तिची जाव आली, भजनी मंडळाच्या बाया नेल्या. समद्यांना पोरगी दिसली, हासताना दिसली. एकट्या माझ्या ल्योकालाच फुली दिसती व्हय?"

म्हणजे एकशे अठरा आकडा आमच्याच घरातून निघाला होता. पोर घरात पाळण्यात, आणि आत्या तिला बघायला गल्लीभरच्या बायका बाजारात नेत होत्या. अजीजभाईंच्या बायकोने, खुर्शीदभाभींनी, त्यांना चहासुद्धा पाजला होता. मी डोक्याला हात लावला. पण पुढचं जास्त वाईट होतं. आत्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांचे डोळे भरले होते.

"लेक झाली म्हनून त्यानं फुली मारली," त्या म्हणाल्या. "माझ्या पोटचा हाय. मला वाटलं न्हवतं असं निघंल."

त्यांचा पुरावा माझ्यापेक्षा पक्का होता. त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि माझ्याकडे नुसती वही. त्यांनी तिसगावला निरोप धाडलाही होता. शुक्रवारी रंभाजीमामा येणार होते, भाच्याला जाब विचारायला.

गुरुवारी मी बाळाला घेऊनच क्लासमध्ये गेले. आत्यांकडे ठेवायची सोय नव्हती. त्या बाळाला धरून रडल्या की बाळही रडायचं. बरोबर दुपटी तीन, टोपी, झबली, आणि तीनदा उकळलेली दुधाची बाटली. माझं एका डोळ्याने पडद्याकडे लक्ष, एका डोळ्याने बाळाकडे. आणि माझ्यासारखी डोळ्यांत तेल घालून बसणारी बाई बघत असताना बाळाने बाटली उचलली, सैल झाकण पाडलं आणि ती कीबोर्डवर पालथी केली. तिथून दूध पुढे मशीनमध्ये. एक नंबरच्या मशीनने एक मोठी शिट्टी मारली आणि पडदा काळा झाला.

अजीजभाई देव माणूस. पहिलं बाळाला उचललं, भाजलं-बिजलं नाही ना बघितलं, मग मशीनकडे बघितलं, मग खुर्चीत बसले. मी माफी मागत राहिले. ते म्हणाले, जाऊ द्या ताई, आणि मोडेम उचलून दोन नंबरच्या मशीनला लावला.

मी दोन नंबरवर पत्ता टाकला. तिरकी रेघ, नागमोडी रेघ, प्रज्ञा. पान उघडलं.

आणि मध्ये चौकोन. चौकोनात लाल फुली!

फुली भिंगारमध्ये आली होती. मला इतका आनंद झाला, की अजीजभाईंना वाटलं मशीन गेल्याचा धक्का बसला हिला. आम्ही पानाचं पोट उघडून बघितलं. आत शब्दाशब्दांत सगळं लिहिलेलं असतं, काय कुठून आणायचं ते. फोटोपुढे पत्ता होता तो परदेशी कंपनीचा नव्हताच. अजीजभाईंनी बोट ठेवून वाचला आणि हसायला लागले.

"ताई, हे तर आमच्याच एक नंबरच्या डब्याच्या आतल्या कप्प्याचं नाव हाय. पान पाठवलंत अमेरिकेला. फोटो पाठवलाच नाही. त्याच्या जागी पत्ता दिलात, तो आपल्याच घरचा."

म्हणून एक नंबरवर बाळ हसत होतं. ते आतच बसलेलं होतं. आणि मस्कतचं मशीन बिचारं आपल्याच कप्प्यात आमचं बाळ शोधत होतं, आणि न सापडल्याची खूण करत होतं.

पाच महिन्यांत दुसऱ्यांदा मी तीच चूक केली होती. तरी पर्समध्ये तिसरी फ्लॉपी होती. फोटो चढवला, पत्ता सुधारला, दोन नंबरवर बाळ हसलं. दूध सांडलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं. थोडक्यात, दुरुस्ती बाळाने केली.

शुक्रवारी एक वाजता रंभाजीमामा आले. पिशवीत शेंगा, एका हातात कोऱ्या जागेची कार्डं, खिशाला पेन. मी त्यांना आणि आत्यांना कप्पे, पत्ते, सगळं समजावलं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोनला फोन वाजला आणि मी उठायच्या आत मामांनी उचलला.

"काय रं महेंद्र, लेक झाली म्हनून फुली मारतो व्हय?" मग पलीकडचं ऐकून, माझ्याकडे वळून, "म्हंतोय मशीननं मारली." पुन्हा फोनमध्ये, "मशीनला काय कळतंय लेक का ल्योक?"

मग घराण्यात आजवर लेकींना कसं वागवलं ते सांगून झालं. मग आत्यांनी फोन घेतला. त्या नुसत्या रडल्या. घड्याळात दोन पस्तीस. तिकडे ऑफिसात फोनची आणि इंटरनेटची लाइन एकच. फोन चालू तोवर पान बंद. मी आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या हातातून फोन ओढून घेतला आणि ओरडले, "अहो, फोन ठेवा आणि पान उघडा!"

मग सगळे फोनकडे बघत बसले. पावणेतीन. तीन. मामांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. तीन वाजून पाच. मामांनी पहिलं कार्ड पुढे ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि कोऱ्या जागेत सावकाश, वळणदार 'द' काढला.

फोन वाजला.

"आली," महेंद्र म्हणाले. मागे नुसता चणे भाजल्याचा आवाज.

"पूर्ण आली?"

"वरून एकेक रेघ येत होती. कपाळ आलं. भुवया आल्या तेव्हा वेळ संपली, साहेब येऊन उभे राहिले. नाक यायला लागलं तर त्यांनीच खुर्ची ओढली. हनुवटी येईपर्यंत दोघंही पडद्याला चिकटून." मग म्हणाले, "नाक आईचं आहे. आईला सांग. आणि यशोधरा ठेवा."

मी फोन आत्यांच्या कानाला लावला. त्यांनी एकदा आपल्या नाकाला हात लावून बघितला. मग म्हणाल्या, "आरं, मी तर पहिल्यापास्नं म्हनत हुते, मशीनचीच चूक हाय."

मामांनी त्या 'द' वर हळूच फुली मारली.

रविवारी विहारात नाव यशोधरा ठेवलं. कार्डावर यशोधरा, डोसाच्या कागदावर यशोधरा. हाक मात्र, आत्यांपासून खुर्शीदभाभींपर्यंत, सगळे फुली अशीच मारतात. आत्या नव्या माणसाला सांगतात, फूल म्हणून फुली.

नामकरणाचे फोटो मी पोस्टानेच पाठवले. वेबसाइटचा आता सराव झाला होता, पण महेंद्रला हातात धरायला कागद हवा होता. या वेळी बाळाला ताप नव्हता, गडबड नव्हती. दोनदा वाचून, शांतपणे पत्ता लिहिला.

चौथ्या दिवशी दारात काकासाहेब. हातात ओळखीचा लिफाफा.

"काही नाही ताई," ते समजूतदारपणे म्हणाले, "या पत्त्यावर मारा फुली, आणि खाली नवा लिहा."

फुली हा शब्द ऐकून पाळण्यातून तिने ओ दिली.