तारमास्तरांचा पानाचा डबा

मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी इंगळे तारमास्तरांकडे गेलो, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या बोटांकडे बघत होते. मी आपला रीतीप्रमाणे सुरू झालो. "मास्तर, देवाच्या कृपेनं अन् तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या लोकाईच्या आशीर्वादानं आमच्या कुसुमचं लग्न जमलं हो. येत्या रविवारी बार उडवून द्याचा हाय, तं तुमी अगत्यानं..." तोवर मास्तरांच्या दोन्ही हातांची बोटं संपली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"लय झाले. 'कुसुमचं लग्न रविवारी या.' चारात भागते."

मी मनात मोजलं. त्यांचं हे सगळं बोलणं बरोब्बर आठ शब्दांचं होतं.

माणसाचं सगळं आयुष्य तारऑफिसात गेलं की असं होतं. खिडकीशी कोणी रडत यायचं, कोणी पेढे घेऊन यायचं, आणि हे त्यांचं रडणं-हसणं आठ शब्दांत बसवून पुढे पाठवायचे, कारण नवव्या शब्दाला जास्तीचे पैसे पडत. पेन्शनीत निघून आमच्या जानेफळात आले तरी सवय सुटली नाही. एकटाच जीव, बायको-पोरं कधी नव्हतीच. माझ्या घराला लागून दोन खोल्या घेतल्या. मधे एकच मातीची भिंत. बायकोनं पहिल्या दिवशी कढी पाठवली, तर भांडं परत करताना म्हणाले, "चांगली." एवढंच! आमची ही दिवसभर त्या 'चांगली'वर खूश. मी वीस वर्षं तिच्या कढीची तारीफ करतो, ते काहीच नाही.

आता माझं सांगतो. बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान. आणि घरी रेडिओ. साधासुधा नव्हे, पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा, बॅटरीवर चालणारा. साऱ्या आळीत तो एकच. संध्याकाळी बातम्यांना माझ्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. मी मधे बसून बटण फिरवायचो, आवाज कमी-जास्त करायचो, आणि बातम्या संपल्या की त्यांचा अर्थ लोकांना समजावून सांगायचो. माणसाला आणखी काय पाहिजे?

या सुखात इंगळे मास्तरांनी माती कालवली. येऊन महिना झाला नाही तोच दारात उभे. "भाऊ, तुमच्या निंबाले तार बांधू काय?"

मला वाटलं धोतरं वाळवायची असतील. म्हणालो, "बांधा ना." दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझ्या कडुनिंबाच्या शेंड्यापासून त्यांच्या खिडकीपर्यंत तांब्याची बारीक तार, आणि खिडकीतून आवाज, कट्ट, कडकट्ट, कट्ट.

मास्तर रेडिओ बनवत होते! पण गाण्याचा नाही. तारऑफिसची कट्टकड बिनतारेची करून हवेत सोडणारा. दिल्लीची परीक्षा देऊन त्याचा रीतसर परवाना काढलेला आणि चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला. लोखंडी कांडी शेगडीत तापवून हा माणूस कथलाचे डाग देत बसे. बांबूच्या नळीवर तार गुंडाळलेली. मुंबईहून पोस्टानं ट्रान्झिस्टर यायचे, तीन पायांचे, हरभऱ्याएवढे. आणि हे सगळं बसवलं होतं कशात? तर पितळी पानाच्या डब्यात! शेजारी खरा पानाचा डबाही असायचा, त्याच्यासारखाच. आमच्या मेव्हण्यानं एकदा भलताच डबा उघडून चिमटीत सापडलं ते तोंडात टाकलं.

"थुंका," मास्तर म्हणाले. "सुपारी नव्हे, ट्रान्झिस्टर."

या डब्याला ताकद किती? तर टॉर्चच्या सेलवर चालायचा. माझ्या रेडिओतला दिवा पेटायला लागते तेवढीसुद्धा नाही. मला हसूच येई. म्हटलं, याचा आवाज वेशीपर्यंत गेला तरी पुष्कळ.

आणि एक दिवस सकाळी मास्तर ओट्यावर आले आणि दोनच शब्द बोलले. "जपान लागला."

झालं! आळीत बोंबाबोंब. मास्तर जपानशी बोलले! पानाच्या डब्यातून! दुपारपर्यंत ही बातमी मेहकरला पोचली. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला माझ्या ओट्यावर मी, माझा रेडिओ आणि एक म्हातारा, तोही ऐकायला कमी. बाकी सगळी आळी मास्तरांच्या ओट्यावर. त्यांना विचारत होती, "जपानवाले काय म्हणत व्हते, मास्तर?" आणि मास्तर नुसते पान लावत होते.

लपवून काय उपयोग, माझ्या पोटात दुखायला लागलं. कपाशीच्या पेऱ्यापासून दुखत होतं ते वेचणीपर्यंत थांबलं नाही. त्यात भर म्हणजे रोज सकाळी आठला मास्तरांचा डबा सुरू झाला की माझ्या रेडिओतल्या भजनात कट्टकट्ट घुसायची. मी भांडायला जायचो. "मास्तर, तुमच्या डब्यापायी माह्या रेडिओचं वाटोळं होऊन राह्यलं! तार तोडून टाकीन, निंब माहा हाय!" ते शांतपणे पानाचा डबा पुढे करायचे. खरा.

तार मी तोडली नाही. कारण मला त्याहून चांगली युक्ती सुचली. दुकानात पुड्या बांधायला रद्दी घेतो, तीत एक स्काउटचं फाटकं पुस्तक सापडलं. त्यात ही कट्टकडची सगळी अक्षरं होती, इंग्रजी. म्हटलं, ही भाषा आपण शिकायची. माझ्याच रेडिओत त्यांचं बोलणं ऐकायचं, आणि जपानशी काय बोलतात ते गावाला सांगायचं. मला आतून खात्री होती की या आठ शब्दांच्या माणसाशी जपान बोलणार नाही.

मग मी शिकलो. मास्तर पेठेकडे कधी फिरकत नसत, तेव्हा भीती नव्हती. गादीवर बसून मीटरच्या लोखंडी गजानं फळीवर ठोकायचो. आखूड खूण असली की ठोकायचं, लांब असली की गज ओढून खर्रकन् करायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, कापड मोजता का उंदीर हाकलता?" उंद्रीचे अत्तार चाचा माझे जुने गिऱ्हाईक, ते तर दुकानातल्या पोक्त माणसांना बाजूला घेऊन विचारून गेले, "सेठ की तबीयत ठीक है ना?" घरी ताटावर चमचा वाजवायचो. बायको म्हणाली, "काऊन हो, अंगात आलं काय तुमच्या?" तिला काय सांगणार! तीन महिन्यांत मला अक्षरं ऐकू यायला लागली.

मग एका सकाळी भजन बाजूला सारलं, काटा मोकळ्या जागी लावला आणि पेन्सिल घेऊन बसलो. आठ वाजले. कट्टकड सुरू झाली. मास्तर दोन अक्षरं पुन्हा पुन्हा पाठवत होते. त्या पुस्तकात त्यांचा अर्थ दिला होता, 'जो कोणी ऐकत असेल त्यानं उत्तर द्यावं.' मग स्वतःच्या परवान्यातलं नाव. मग शांतता. मग पुन्हा तेच. अर्धा तास. शेवटी डबा बंद झाल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आठ दिवस ऐकलं. कोणाला उत्तर नाही, कोणाचे आभार नाहीत, कोणाचा निरोप नाही. म्हणजे मास्तरांना आजवर कोणीही उत्तर दिलेलं नव्हतं! त्या दिवशी मी एक भाकर जास्त खाल्ली.

वेळही बघा कशी जुळून आली. येत्याच शनिवारी हायस्कूलचं स्नेहसंमेलन होतं. पडद्याचं कापड मी देतो म्हणून तीन वर्षं प्रमुख पाहुण्याचा हार माझ्या गळ्यात पडला होता. यंदा हार मास्तरांना! मी ठरवलं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि एकच विचारायचं. "मास्तर, त्या जपानवाल्याचं नाव काय?" बस. मग बघू कोणाच्या ओट्यावर गर्दी होते ते.

शनिवारी सकाळी सवयीनं रेडिओपाशी बसलो. मास्तरांनी हाका मारल्या. शांतता. पुन्हा हाका. शांतता. आता बंद करतील म्हणून मी पेन्सिल खाली ठेवत होतो, तर कट्टकड पुन्हा सुरू झाली आणि थांबेचना. अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली. मी पुडीच्या कागदावर लिहीत गेलो. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

"कोणीच नाही. तरी सांगतो. आज शाळेत सत्कार हाय. लोक म्हणतात जपान माह्याशी बोलते. मी जपान ऐकला होता, जपाननं मले नाही ऐकलं. तेवढं सांगाचं राह्यलं. आज सांगतो. मंग ओट्यावर कोणी येणार नाही. तारऑफिसात दिवसातून शंभरदा कोणी ना कोणी हाक मारे. आता कोणी मारत नाही. शेजारच्या भाऊचा रेडिओ लय गोड वाजते. सांजीले मी भितीले कान लावून ऐकतो. भाऊले हे सांगाचं हाय. पण शब्द लय लागतात."

खरं सांगतो, 'जपाननं नाही ऐकलं' हे वाचून मी आधी मांडीवर थापच मारली. सापडला! मग पुढचं वाचलं. पुन्हा वाचलं. सहा महिने ज्यांच्यावर मी जळत होतो, ते मास्तर भिंतीला कान लावून माझा रेडिओ ऐकत होते. आणि संध्याकाळी ओट्यावर एकटं पडल्यावर मी रागानं तो रेडिओ मधेच बंद करून टाकत असे. मला माझीच लाज वाटली. मोठी वाटली.

काय करावं सुचेना. घरी कापड मोजायला ठेवलेला गज कोपऱ्यात होता. तो उचलला आणि भिंतीवर ठोकायला लागलो. कट्ट. खर्र. पोपडे पडले. बायको स्वैपाकघरातून धावत आली. "अहो, भीत पाडता काय?" मी तिला हातानं गप्प केलं आणि घाम गाळत एकेक अक्षर ठोकलं. "मी ऐकतो."

मग पलीकडून भिंतीवर हलकेच बोट वाजलं. "कोण?"

"भाऊ," मी ठोकलं.

मग अगदी मंद, मला कळावं इतक्या मंद गतीनं उत्तर आलं. "सावकाश. घाई नाही."

दुपारी संमेलनात हेडमास्तरांनी मोठं भाषण केलं आणि म्हणाले, "तारमास्तर, जगात कुठे कुठे आपलं बोलणं झालं, ते मुलांना सांगा." मास्तर उभे राहिले. बोटं मोजली.

"जपान ऐकला. जपाननं मले नाही ऐकलं. चुकी माही."

आठ. मांडवात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मागून हसलं. मास्तर बसायला वाकले, पण बसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोजणं सोडून दिलं. "पण आज सकाळी उत्तर आलं. लय जवळून आलं. हात कच्चा हाय. माणूस बरा हाय."

लोकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, मेहकर किंवा चिखलीचा कोणी असेल. टाळ्या पडल्या त्या बेताच्याच. मी मात्र तळहात लाल होईतो वाजवल्या.

मास्तर म्हणाले होते तसंच झालं. त्यांचा ओटा रिकामा झाला आणि आळी माझ्या ओट्यावर परत आली. फरक एवढाच की रेडिओच्या शेजारची खुर्ची आता मास्तरांची. ते उठून घरी गेले तरी भिंतीपलीकडे ऐकू यावं म्हणून आवाज मी एक वळसा वाढवून ठेवी. आणि रोज सकाळी आठला, हाका मारून झाल्या की, भिंतीवर आमचं बोलणं. ओट्यावर समोरासमोर भेटलो की तेच आठ शब्द. भिंतीवर मात्र हा माणूस नदीसारखा बोलायचा. लहानपण, बदल्या, तारेच्या त्या टोकाची कधी न पाहिलेली माणसं. भिंतीचा गिलावा गेला, बायकोनं तिथे कॅलेंडर लावलं.

हे वर्षभर चाललं. मग एका सकाळी भिंत वाजायच्या ऐवजी माझं दार वाजलं. मास्तर उभे, धोतराचा सोगा सुटलेला. "भाऊ! कोलंबोचा माणूस बोलला हो भाऊ, माह्याशी बोलला! माहं नाव पुकारलं त्यानं, दोनदा पुकारलं! म्हणे आवाज बारीक येते पण साफ येते, म्हणे उद्या आठ वाजता पुन्हा या, मी वाट पाहतो!"

मी त्यांना मिठी मारली. बायकोनं साखर आणली. सगळं चांगलं झालं. आणि दिवसभर माझ्या पोटात दुखत राहिलं. अगदी पहिल्यासारखं! कोण तो कोलंबोवाला? त्याचा हात पक्का असणार. त्याला गज ओढून खर्रखर्र करावं लागत नसणार. मग आमची मातीची भिंत कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी रेडिओ लावलाच नाही. गज कोपऱ्यात तसाच. दुकानाची किल्ली घेतली, टोपी घातली. आठला पाच मिनिटं कमी होती. तेवढ्यात कॅलेंडर हललं.

मी तसाच टोपी घालून ऐकत राहिलो. मंद गतीनं, एकेक अक्षर सुटं करून, मला कळावं म्हणून.

"आधी तुम्ही."

मी काही ठोकायच्या आत पलीकडून तेच पुन्हा आलं. फालतू शब्द कधी न खर्चणारे इंगळे मास्तर तेच दोन शब्द दुसऱ्यांदा पाठवत होते.

मी टोपी काढून ठेवली आणि गज उचलला.